हैबती कुणाचं ऐकायचा

पिराजीच्या मोडलेल्या मांडीत डॉक्टरांनी सळई घातल्याला चौथा दिवस होता, आणि या चार दिवसांत चौगुल्यांच्या घरात कुणी हैबतीचं नाव घेतलं नव्हतं. ‘त्याला’ खायला घातलं का, ‘त्याची’ कडी लावली का, एवढंच. नावाचा धनी मात्र गोठ्यामागच्या जाळीत पंज्यांवर हनुवटी टेकून पडला होता. आपला निकाल आज लागणार आहे याची त्याला काही खबर नव्हती.

निकाल रविवारी लावायचा हे जोतीराम आबांनी ठरवलं होतं, कारण राजनंदिनी रविवारीच मिरजेहून घरी यायची. फिजिओथेरपीची इंटर्नशिप लागल्यापासून, म्हणजे अडीच महिने, थोरल्याची ही एकुलती एक लेक आठवड्यातून एकदाच आजोबांना दिसे. आईबाप नोकरीपायी बारामतीला. पोरगी मात्र इथं उचगावात, आबांच्या म्हशींच्या मागं फिरत वाढलेली. निकाल काय लागणार हेही तसं ठरलेलंच होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं रॉटवायलरचं पिल्लू पोटाशी धरून आणलं तेव्हा आबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. असलं कुत्रं मालकाचंच नरडं फोडतं हे त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं, आणि मोबाईलवरचं सगळं आबांना देवाच्या कौलाइतकं खरं वाटायचं. शेवटी त्यांनी नातीला गोठ्यात नेलं आणि राणी म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला लावला. चौगुल्यांच्यात शब्द असाच घेतात. भाऊबंदांच्या वाटण्यासुद्धा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून झालेल्या.

“यानं कुणाचं रक्त काढलं, न्हायतर हाड मोडलं, तर मी सोता याला घराभाईर काढीन,” ती म्हणाली होती.

आता हाड मोडलं होतं.

खरं तर पोरीनं कसर सोडली नव्हती. कुत्रं बांधून ठेवायचं नाही, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन किलोमीटर फिरवायचं, वस्तीत नेताना तोंडाला मुसकं घालायचं. बैलाचं मुसकं कुत्र्याला बघून अर्धं उचगाव हसलं, तिनं हसू दिलं. काठी नाही, लाथ नाही; ‘बस’ म्हटल्यावर बसला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं सोडलं की आणखी एक. फाटकाजवळ तिनं पुठ्ठ्यावर नियम लिहून टांगले होते. त्यातला तिसरा नियम लाल अक्षरात होता: ‘हैबतीशी ओढाओढी खेळू नये.’ तिचा काका धैर्यशील येता-जाता तो पुठ्ठा मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, “शाळा काडलीस की गं! आता आमची बी नावं घाल.” सगळे हसायचे. वर्षाच्या आत कुत्रं असं शहाणं झालं की पिराजी रोज पहाटे दुधाचे कॅन न्यायला आला तरी ते कान हलवायचं नाही. अठरा वर्षं या घरचं दूध केंद्रावर पोचवणाऱ्या पिराजीनं त्याला ‘हैबतराव’ म्हणायला सुरुवात केली होती.

आणि त्याच हैबतरावानं बुधवारी त्याला गाडीसकट आडवं केलं.

सोप्यात आबा कॉटवर बसले होते. दाराला टेकून धैर्यशील, आतल्या उंबऱ्यात त्याची बायको शालन. खाली सतरंजीवर राजनंदिनी. आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत, चहाचा कप हातात तसाच धरून, पिराजीची मुलगी क्रांती. ती इस्पितळात नर्स होती; वडलांच्या उशाशी रात्र काढून थेट आलेली. अंगणात एक जुनी जीप उभी होती. कुरुंदवाडचे अण्णासो सुभेदार तीतून आले होते. सैन्याच्या श्वानपथकात बावीस वर्षं काढलेला माणूस. राजनंदिनी पहिल्यापासून त्यांनाच फोन करून विचारायची. आल्यापासून ते घरात न येता जाळीपुढं जाऊन बसले होते.

“काय म्हणतोय पिराजी?” आबांनी विचारलं.

“दुखतंय. सा महिने गाडीवर बसायचं न्हाय म्हणाल्यात डॉक्टर.” क्रांतीनं कप खाली ठेवला. “आबा, मी भांडाय आले न्हाय. गावाच्या ग्रुपवर लोकांनी लिवलंय, कुत्र्यानं नरड्याला धरलं म्हणून. बाबांनी ते वाचून दाखवाय लावलं, आन मला म्हणाले, तू जाऊन सांग. त्यानं मला दात लावलेला न्हाय. पोतं धरलं.”

“कसलं पोतं?” राजनंदिनी ताठ झाली.

“पेंडंचं. गाडीवर मागं बांधलंतं. जाळीवरनं उडी टाकून आला, पोतं धरून वडलं, गाडी आडवी झाली आन मांडीवर आली. बाबा वरडल्यावर त्यानं पोतं सोडलं, आन म्होरं येऊन बसला म्हणं. खायला मिळंल म्हणून बसल्यागत.”

खायला मिळेल म्हणून बसणं राजनंदिनीनंच शिकवलं होतं. पोतं मात्र तिनं शिकवलेलं नव्हतं.

“दात लावला न लावला, मांडी मोडलीच की,” धैर्यशील घाईनं म्हणाला. “आबा, मी म्हणतो आता इषय वाडवू नका. शालनचा भाऊ न्यायला तयार हाय. कागलला त्याच्या गोडावनला राखणीला पायजेच हाय त्याला.”

“आन बांधून घालंल रातंदिस,” राजनंदिनी म्हणाली. “साखळीला. काका, वर्षभरात खरंच माणूस मारंल तो. मग गोळी घालतील.”

“मग काय हितं ठिवायचा? शब्द कुणी दिलाता?”

“मी दिलाता. मी मोडणार न्हाय.” ती म्हणाली. “पन साखळीला द्यायचा शब्द न्हवता दिला.”

“बाबांचं एवढंच म्हणणं हाय,” क्रांती म्हणाली, “की त्याला मारू नका. पन खरं सांगायचं तर आबा, मला तो हितं नको. बाबा बरं झालं की परत तुमच्याच फाटकातनं येणार. दुसरीकडं जा म्हटलं तर ऐकणार हायत व्हय? आन त्या दिवशी तर गाडीची पुंगळी फुटलीती, फाडफाड करत आले. आवाजानंच पिसाळला आसंल.”

आबांचा तपकिरीचा हात नाकाशी जायच्या आधीच थांबला.

पन्नास वर्षं म्हशी पाळलेल्या माणसाला फुटक्या पुंगळीचा, म्हणजे सायलेन्सरचा, आवाज वेगळा सांगावा लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून म्हशी बाहेर निघतात, आणि मालकाच्या मोटारसायकलमागं पळतात. सायलेन्सर काढलेली गाडी फाडफाडायला लागली की हजार माणसांतून म्हैस आपल्या धन्यामागं धावते. हे शिकवायला दोन-दोन महिने जातात. आधी आवाजाची ओळख, मग गाडीच्या मागं काहीतरी ओढीचं बांधायचं, मग पळवायचं. आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी मान वळवून धाकट्या मुलाकडं बघितलं. धैर्यशील जमिनीकडं बघत होता.

बघता बघता म्हाताऱ्याला सगळं कळलं, आणि कळल्यावर पहिल्यांदा आठवला तो गेल्या वर्षीचा पाडवा. आबांचे गुडघे गेले म्हणून राणीला पळवायचा मान धैर्यशीलला मिळाला होता. बुलेटची पुंगळी काढून, गुलाबी फेटा बांधून तो निघाला. अर्ध्या वाटेत राणी थांबली, वळली, आणि गर्दीतून वाट काढत आबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. माणसांनी शिट्ट्या मारल्या. धैर्यशील तसाच पुढं गेला होता, मागं म्हैस नाही हे त्याला शंभर पावलांनी कळलं. आणि आबा, चारचौघांत, मिशीवर हात फिरवत म्हणाले होते, “म्हशीला बी माणूस वळकतंय की!” केवढा हशा झाला होता. त्या हशाची आबांना वर्षभर गोडी वाटत होती. आता ती कडू झाली.

बोलायला हवं होतं. आबांनी तोंड उघडलंही. पण चाळिशीच्या पोराला परक्या पोरीसमोर पुन्हा उघडं पाडायचं? एकदा पाडला होता, त्याचंच हे फळ होतं.

“कागलला न्हेऊ दे,” ते म्हणाले. “संपवा आता.”

राजनंदिनीनं आजोबांकडं असं बघितलं की पुढं कितीतरी दिवस त्यांना ती नजर आठवून घास गिळवेना.

शालन उंबऱ्यात बसून हे ऐकत होती. या घरात येऊन तिला सोळा वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी नवऱ्याची बाजू सावरण्यात गेली होती. नवरा वाईट नव्हता. थोरला दीर शिकून साहेब झाला, सासरा तालुक्यात नावाजलेला; मधल्यामधे हा नुसता ‘जोतीरामचा धाकटा’ राहिला. तालमीत गेला तिथं खांदा निखळला, दुकान काढलं ते बसलं. राजनंदिनी मिरजेला गेल्यावर हैबतीला फिरवायचं काम त्याच्याकडं आलं. श्रावणात एका संध्याकाळी तो त्याला फिरवून घरी आला तेव्हा त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा दिसत होता. “शाले, एक जुनं पोतं दे,” म्हणाला. तिनं दिलं. दुसऱ्या आठवड्यात ते फाटलं, तिनं दुसरं दिलं. तिसरं दिलं. पुठ्ठ्यावरचा लाल नियम तिला वाचता येत नव्हता असं नाही. पण नवरा कधी नव्हे तो संध्याकाळची वाट बघत होता, आणि तेवढ्यासाठी एखादा नियम मोडला तर कुठं आभाळ कोसळतंय, असं तिला वाटलं होतं. आभाळ पिराजीवर कोसळलं.

गेले चार दिवस ती गप्प होती. आता ते कुत्रं तिच्याच भावाच्या दारात साखळीला जाणार होतं, आणि ज्याची मांडी मोडली तो माणूस त्याला मारू नका म्हणून निरोप धाडत होता.

“पोती मी दिली,” शालन म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

“कसली पोती गं, काकी?” राजनंदिनीनं विचारलं.

“शाले—” धैर्यशील.

“आता गप बसा तुमी. लई झालं.” शालननं पदर डोक्यावर घेतला. “तीन पोती दिली मी. तुज्या काकांनी गाडीला बांधून त्याला मागं पळवाय शिकवलं. माळावर. रोज सांजंचं. पोतं धरून वडलं की अंडं. माज्याच हातची उकडलेली अंडी.”

क्रांती उठून उभी राहिली आणि परत बसली.

“काका?” राजनंदिनी म्हणाली.

“पाडव्याला न्यायचा हुता,” धैर्यशील म्हणाला. “गळ्यात घुंगरांचा पट्टा घालून. तुला बी दाखवायचं हुतं नंदे, एकदम. मी म्हटलं, म्हैस आली न्हाय मागं, ह्यो ईल. पयल्याच दिवशी आला बग. मी नुसती गाडी मारली, आन ह्यो मागं. वळून बगायची सुद्दा गरज पडली न्हाय मला. माज्या मागं कोन आलंय आजवर?” एवढं बोललो याची त्याला लाज वाटली. “मला काय ठावं, दुसऱ्याच्या गाडीमागं बी जाईल म्हणून. म्हैस न्हाय जात.”

“म्हैस धन्याला वळकती,” दारातून अण्णासो म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले कुणाला कळलं नव्हतं. “कुत्र्याला तुमी काम शिकवलं. फुटका आवाज, मागं पोतं, वडायचं. ते त्यानं केलं. असलं कुत्रं मन लावून काम करतंय, हीच त्याची जात. लोक म्हणत्यात रगेल. रगेल न्हवं. फार ऐकणारं हाय.”

क्रांती धैर्यशीलकडं बघत होती. “चार दिस झालं दादा,” ती म्हणाली. “तुमी दोनदा इस्पितळात आला. नारळपाणी घिऊन आला. बाबांच्या पायाशी बसला. एक शबुद बोलला न्हाईसा.”

धैर्यशील तिच्यापुढं हात जोडायला गेला. “माज्यापुढं न्हवं,” ती म्हणाली, “त्यांच्यापुढं,” आणि पर्स उचलून निघाली. फाटकाशी राजनंदिनीनं तिला गाठलं. दोघी काहीतरी बोलल्या, ते आत ऐकू आलं नाही.

आबा मात्र हलके झाले होते. उशिरा का होईना, आता त्यांना उदार होता येत होतं. नात परत येताच ते म्हणाले, “नंदे, तुजा शबुद म्या मोकळा केला. चूक कुत्र्याची न्हाय. र्‍हाऊ दे त्याला. पोतं इसरंल की दोन महिन्यांत. तू शिकीव परत.”

हेच ऐकण्यासाठी राजनंदिनी चार दिवस झोपली नव्हती. तिनं जाळीकडं बघितलं. हैबती उठून उभा राहिला होता. तिचा आवाज आला की तो उठायचाच.

“न्हाय आबा,” ती म्हणाली.

“आता काय झालं?”

“शिकवता ईल. सात-आठ महिने लागतील, पन ईल. हितं न्हाय यायचं. हितं सकाळ-सांज वीस गाड्या जात्यात दारावरनं, समद्यांच्या मागं पोती.” ती थांबली. “तेबी जमवलं असतं मी. पन मी मिरजेला. त्याला कुनाच्या हातात देऊ? काकांनी शिकवलं, काकीला ठावं हुतं. आन तुमाला मगाशी कळलं, आबा. मी बगितलं तुमच्या तोंडाकडं. कळूनशान तुमी म्हणाला, कागलला न्हेऊ दे.”

आबांनी तपकिरीची डबी उघडली आणि न घेताच मिटली.

“कुत्र्यावर माजा भरोसा हाय,” राजनंदिनी म्हणाली. “घरावर न्हाय.”

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणापासून जिथं वाढलो त्या घराबद्दल असं बोलावं लागतंय याचं तिला स्वतःलाच वाईट वाटत होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

अण्णासोंनी अट घातली. कुरुंदवाडला त्यांच्या मळ्यात कुत्रं राहील, नदीच्या अंगाला, जिथं गाड्या येत नाहीत. राजनंदिनीनं आठवड्याला यायचं, एसटीनं. बाकी घरातलं कुणी यायचं नाही. “परत कवा?” असं शालननं विचारलं. अण्णासोंनी राजनंदिनीकडं बघितलं. ती मुसकं आणायला उठली.

धैर्यशील जाळीपाशी आला तेव्हा ती हैबतीच्या तोंडाला मुसकं बांधत होती. पंचेचाळीस किलोचं जनावर मान खाली घालून, तिला बक्कल सापडेपर्यंत थांबलं होतं. काकाला बघून त्याचं सगळं अंग हललं. त्याला वाटलं संध्याकाळ झाली.

“मी हात लावू?” धैर्यशीलनं विचारलं. स्वतःच्याच दारात तो असं विचारत होता.

“लावा.”

त्यानं कुत्र्याच्या कपाळावर हात ठेवला. बोलायचं बरंच होतं; आणि कुत्र्याशी बोलण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. “चुकलो गं,” तो म्हणाला.

“व्हय काका,” ती म्हणाली.

जीपच्या मागं फळी लावली होती. राजनंदिनी म्हणाली, “चढ.” हैबती चढला. “बस.” बसला. तिनं खिशातून अंड्याचा तुकडा काढला, मुसक्याच्या फटीतून दिला आणि स्वतः शेजारी बसली. शालन पदरानं तोंड झाकून उभी होती. आबा कॉटवरून उठलेच नाहीत.

“मी येतो कुरुंदवाडपातूर, मागनं,” धैर्यशील म्हणाला आणि खिशातली किल्ली चाचपत बुलेटकडं वळला.

“काका, गाडी चालू करू नका!” ती ओरडली. “उडी टाकंल तो.”

त्याचा हात किल्लीवरच राहिला. जीप फाटकातून गेली, वळणावरून दिसेनाशी झाली, पण आवाज अजून येत होता. तो संपेपर्यंत धैर्यशील हललाच नाही.

त्याच दिवशी तो इस्पितळात गेला. पिराजीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, भिंतीकडं तोंड केलं, आणि एवढंच विचारलं, “सकाळचं दूद कोन घालतंय केंद्राला?” धैर्यशील म्हणाला, “मी घालीन. तुमी उभं र्‍हाईपातूर मी घालीन.”

सोमवारी उजाडता उजाडता त्यानं कॅन भरले, बुलेटला दोन्ही बाजूंनी अडकवले आणि गाडी स्टँडवरून काढली. चालू मात्र केली नाही. हँडल धरून, वाकून, तो ती अंगणातून ढकलत निघाला. भरल्या कॅननी गाडी जड झाली होती; फाटकाच्या चढाला तिचं चाक दोनदा मागं आलं. फाटकावर पुठ्ठा तसाच होता.

शालन दारात उभी होती. “अवो,” ती म्हणाली, “हितंच चालू करा की. आता कोन हाय हितं?”

डांबरी रस्ता लागेपर्यंत धैर्यशील गाडी ढकलतच गेला.